कादंबरी परत आली म्हणजे देव नाही म्हणाला का?

प्रश्न : ताई, मी सहा वर्षं एका कादंबरीवर काम करतेय. लिहिणं हे माझं पाचारण, म्हणजे देवाने सोपवलेलं काम आहे असं मला एकदा प्रार्थनेत अगदी स्पष्ट जाणवलं होतं आणि त्याच भरवशावर मी सुरुवात केली. पण आत्तापर्यंत सात पब्लिशरनी मॅन्युस्क्रिप्ट परत पाठवलं, दोघांनी तर उत्तरसुद्धा दिलं नाही. आता आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, देवाची इच्छा नसेल तर कशाला हट्ट करतेस. मी तेव्हा चुकीचं ऐकलं होतं का?

उत्तर : ताई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं की सात एडिटरांचा नकार आणि देवाचा नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नकोस. एडिटर नाही म्हणतो त्याला शंभर कारणं असतात, यादी आधीच भरलेली असते, तसलंच पुस्तक त्यांनी नुकतंच काढलेलं असतं, नाहीतर पहिली पन्नास पानं खरंच संथ असतात (हेही असू शकतं, ते प्रामाणिकपणे तपासून बघ). यातलं कुठलंच कारण तुझ्या प्रार्थनेबद्दल काही सांगत नाही.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 36वा अध्याय काढून वाच. यिर्मया सांगतोय आणि त्याचा लेखनिक बारूख शाईने गुंडाळीवर लिहितोय, किती दिवसांचं काम असेल ते. मग ती गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली, आणि तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो, असं करत करत अख्खी गुंडाळी जळून जाते. देवाने स्वतः लिहायला सांगितलेला मजकूर होता तो! म्हणजे पाचारण खरं असूनही लिखाण राखेत जाऊ शकतं, हे पवित्र शास्त्रातच आहे. पुढे काय होतं तर दुसरी गुंडाळी घेतात, बारूख परत सगळं लिहितो, आणि तिच्यात आधीपेक्षा जास्त मजकूर असतो. माझ्यासाठी त्या अध्यायातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, दुसरा ड्राफ्ट पहिल्यापेक्षा भरीव झाला.

आणि याच बारूखसाठी 45वा अध्याय आहे, फक्त पाच वचनांचा. तो म्हणतो मी कण्हून कण्हून थकलो, मला विसावा नाही. कुठलाही लेखक रात्री दीड वाजता जे म्हणतो तेच. देव त्याला रागावत नाही पण विचारतो, तू स्वतःसाठी मोठ्या गोष्टी शोधतोयस का? शोधू नकोस. आणि वचन कशाचं देतो तर जिवाचं, जाशील तिथे तुझा जीव राखीन एवढंच. नावाबद्दल, यशाबद्दल एक शब्द नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं पाचारण म्हणजे पुस्तक छापून येण्याची हमी असं धरून चालले होते आणि माझी पहिली कादंबरी परत आली तेव्हा चार महिने मी प्रार्थनाच करू शकले नाही. ती कादंबरी आजही कपाटात आहे. पण तिच्यातली एक म्हातारी बाई मला सोडेना, ती पुढच्या पुस्तकात येऊन बसली.

तर तू चुकीचं ऐकलं नाहीस, पण जे ऐकलंस त्यात "लिही" एवढंच होतं का, "छापून येईल" हे आपण मागून जोडलं का, हे शांतपणे बघ. आणि मंडळीतल्या, जो मन लावून वाचतो अशा एकालाच, पहिली पन्नास पानं दे आणि कुठे कंटाळा आला ते पेन्सिलने खूण करून मागून घे.

प्रश्न : माझ्या कादंबरीतला नायक शेवटी विश्वास ठेवतो. पहिला चॅप्टर सोबत पाठवतोय. मित्र म्हणतो हे प्रवचन वाटतं. मग विश्वास लपवून लिहायचं का?

उत्तर : लपवू नकोस रे, अजिबात नको. पण तुझा मित्र बरोबर सांगतोय. तू पाठवलेल्या चॅप्टरमध्ये आई आयसीयूत आहे, मुलगा बाहेरच्या बाकावर गुडघे टेकतो आणि चौथ्याच ओळीला नर्स धावत येऊन सांगते की आता धोका नाही. तुला वाटतं इथे देवाची कृपा दिसली, पण वाचकाला दिसतो तो लेखकाचा हात. त्या मुलाला बाकावरच बसू दे. प्रार्थना करताना त्याला शब्द सुचत नाहीत, मधेच पार्किंगची पावती आठवते, त्याची त्याला लाज वाटते, आणि आतून काहीच बातमी येत नाही. तिथे तो तरीही बसून राहिला तर तो विश्वास मला वाचक म्हणून दिसेल.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला उधळ्या मुलाचा दाखला घे. उधळा धाकटा परत आला म्हणून घरात मेजवानी आहे, थोरला भाऊ रागावून बाहेर उभा आहे, बाप समजूत घालायला बाहेर आलाय, आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला की नाही हे प्रभू येशूने सांगितलंच नाही! बायबलमधलंच योनाचं पुस्तक तर प्रश्नावरच संपतं. मग आपल्यालाच प्रत्येक पात्राचं तारण शेवटच्या पानावर उरकायची एवढी घाई का असावी? शुसाकू एन्दो या जपानी ख्रिस्ती लेखकाची 1966 सालची कादंबरी छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांवर आणि देवाच्या मौनावर उभी आहे, आणि ती विश्वास नसलेले लोकही मनापासून वाचतात. आपल्याकडे बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी 1857ची, ती आज आठवते मुख्यतः त्यातल्या विधवांच्या दुःखासाठी.

आणखी एक, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर आहे. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं आणि त्याला मिळालं काय तर सोन्या-रुप्याचं काम, पाषाण कोरणं, लाकूड कोरणं. हातातलं कसब. म्हणून संवाद घासूनपुसून लिहिणं, तोच प्रसंग पाचव्यांदा मोडून बांधणं, हे मला भक्तीपेक्षा वेगळं काम वाटतच नाही.

प्रश्न : नोकरी आणि दोन लहान मुलं. रोज अर्धा तासच मिळतो, तोही थकलेला. प्रार्थना करू की लिहू?

उत्तर : फ्लॅनरी ओ'कॉनर ही कॅथलिक लेखिका ल्युपस नावाच्या दुखण्याने आजारी असायची, सकाळचे थोडेच तास लिहू शकायची, 1964मध्ये एकोणचाळीसाव्या वर्षी गेली आणि तेवढ्यात दोन कादंबऱ्या आणि कितीतरी कथा लिहून गेली. मॅरिलिन रॉबिन्सन या अमेरिकन लेखिकेच्या पहिल्या आणि दुसऱ्या कादंबरीत 24 वर्षांचं अंतर आहे, 1980 आणि 2004. तुमची मुलं त्याच्या आत मोठी होतील. रोज पूर्ण अर्धा तास लिहा, आणि प्रार्थना म्हणून वहीच्या वरच्या कोपऱ्यात एकच ओळ, आज कुठल्या पात्राचं दुःख मला कळत नाहीये तेवढी. मी तसंच करते, एकोणीस वह्या झाल्यात. मुलं मधे उठली तर वाक्य अर्धंच सोडून जा, दुसऱ्या दिवशी तिथूनच पटकन सुरू करता येतं.