सांगलीत बीएस्सी करतेय. मेंदूतला कचरा कसा साफ होतो यावर संशोधनात करिअर होईल का?

होईल की! या विषयातलं मोठं नाव माइकेन नेदरगार्ड. मूळच्या डेन्मार्कच्या, शिक्षणाने डॉक्टर. सगळे न्यूरॉनमागे धावत असताना त्या न्यूरॉनना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींना चिकटून राहिल्या. 2012 मध्ये त्यांच्या अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या गटाने उंदरांत दाखवलं की मेंदूभोवतीचं पाणी धमन्यांच्या कडेकडेने आत शिरतं आणि अमायलॉइडसारखा (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) गाळ वाहून नेतं. झोपेत ही सफाई वाढते, असं 2013 मध्ये मांडलं. 2024 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाला मात्र उलटंच दिसलं. वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा काम भरपूर आहे. विलिंग्डन कॉलेजला असशील तर फिजिक्स सोडू नकोस, निम्मा विषय द्रवाच्या प्रवाहाचाच आहे. एमएस्सीनंतर पीएचडीसाठी मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), बंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था) बघ. घरचे ‘मेडिकल का नाही?’ विचारतीलच, विचारू देत.