अलिप्तता कसली, ही तर सुकती!

देवगडहून एका वाचकाने विचारलंय : बातम्यांत 'अमेरिका अलिप्ततावादाकडे' असं ऐकतो. आयसोलेशनिझमला, म्हणजे जगाच्या भानगडींतून अंग काढून घेण्याच्या धोरणाला, हा शब्द चालेल का?

नाही चालणार. रोज संध्याकाळी ही चूक कानावर आदळते आणि दर वेळी तितकाच संताप येतो. 1961च्या बेलग्रेड परिषदेपासून अलिप्ततावाद म्हटलं की नेहरू, युगोस्लाव्हियाचे टिटो, इजिप्तचे नासर. त्यांना जगाकडे पाठ फिरवायची नव्हती, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोन गटांपैकी कुणाचा शिक्का नको होता. अलिप्त म्हणजे लेप न लागलेला. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळतं, पान भिजत नाही, पण ते असतं पावसातच. पाऊस टाळून माजघरात जाऊन बसलेला अलिप्त कसा?

'विलगतावाद' चालेल, पण त्याला करोनाच्या विलगीकरण कक्षाचा वास येतो. इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिन 'इन्सुला' आहे, म्हणजे बेट. आणि बेट म्हटलं की आपला जंजिरा! मुरूडला होडीत बसलं की हटकून सांगतात, जंजीर म्हणजे साखळी, त्यावरून जंजिरा. साफ चूक. अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, त्याचाच हा जंजिरा. म्हणून तर 'जंजिरे सुवर्णदुर्ग' असंही लिहीत. होडीवाल्याला माफ करू, पण छापील पुस्तकांत ही साखळी दिसते तिला क्षमा नाही.

आता खरी गंमत. याच जझीराचं सख्खं भावंड अरबीत 'जझ्र', म्हणजे ओहोटी. आपल्याकडची सुकती! मूळ एकच, तोडण्याचं. बड्या सत्तेच्या माघारीला मला हाच शब्द बरोबर वाटतो, कारण बेट म्हटलं की निघून गेलेला तेवढा दिसतो, सुकती म्हटलं की मागे राहिलेला किनारा दिसतो. खाडीतल्या होड्या चिखलात कलंडतात आणि खडक उघडे पडले की बायका कोयती घेऊन कालवं काढायला उतरतात.

चीनचंच बघा. तिथला दर्यासारंग झेंग हे, त्याच्या सात सफरी 1405 ते 1433 मधल्या, त्याचे ताफे केरळातल्या कालिकतला येत. मग चीनच्या मिंग दरबाराने त्या सफरीच बंद केल्या. 1498मध्ये वास्को द गामा त्याच कालिकतला उतरला तेव्हा ते ताफे कुठेच नव्हते, आणि पुढे काही वर्षांत चौल-दाभोळच्या जहाजांना पोर्तुगिजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घ्यावा लागू लागला.

अमेरिकेचंही तेच. 1920 साली तिथल्या सेनेटने राष्ट्रसंघ, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची देशांची संघटना, नाकारला. 1930च्या स्मूट-हॉले कायद्याने जकाती चढवल्या, इतरांनीही उलट चढवल्या. मंदी होतीच, पण 1929 ते 1934 मध्ये जागतिक व्यापार जवळपास दोन तृतीयांशाने आटला. 2025च्या ऑगस्टात तिथे बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के कर बसला आणि आपल्या कोळंबीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तर अमेरिकाच. जेटीवर लिलावाला उभे असलेलेही तेव्हा वॉशिंग्टनची बातमी विचारत होते.

हां, तुमचा प्रश्न. लिहिताना विलगतावाद लिहा. बोलताना मी सुकतीच म्हणणार, आणि तीही अमावास्येची, पाणी पार लांब ओसरणारी.