वठलेल्या झाडापाशी पाय का थांबतात?

प्रश्न: गावाबाहेर कालव्याच्या रस्त्याने रोज फिरायला जातो. वाटेत एक वठलेली बाभूळ आहे. तिच्यापाशी पाय थांबतात, कधीकधी दहा-दहा मिनिटं जातात. घरचे म्हणतात, वठलेलं झाड बघत बसू नये, अपशकुन असतो. हे मलाच होतं का? आणि त्यात एवढं ओढ लावणारं असतं तरी काय?

उत्तर:

नाही, तुम्ही एकटे नाही. मुळशी तालुक्यात आमच्या गावातून टेकडीकडे जी पायवाट जाते तिच्यावर एक वठलेलं ऐनाचं झाड आहे, आणि मी गेली नऊ वर्षं त्याला भेटायला जाते. गावी पोचलं की आधी घर, मग चहा, मग ऐन. आईने आता विचारणंही सोडलंय.

मला आधी ओढ लागली ती त्याच्या आकाराची. पानं असतात तोवर झाड म्हणजे लांबून एक हिरवा ढीग. वठलं की त्याचा सगळा इतिहास उघडा पडतो. आमच्या ऐनाच्या खोडाला एका बाजूला पंधरा-वीस फुटांपर्यंत एकही फांदी नाही. त्या बाजूला पूर्वी मोठा हिरडा होता. त्याच्या सावलीत ऐनाने अंग चोरून घेतलं होतं. हिरडा तोडला गेला, ऊन आलं आणि वरची एक फांदी जवळजवळ काटकोनात तिकडे वळली. त्या वळणाला हात लावता येत नाही इतकं ते उंच आहे, पण खालून स्पष्ट दिसतं. झाड जिवंत असताना मी त्याच्याखालून शेकडो वेळा गेले असेन, हे कधी दिसलं नव्हतं.

मग साल. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी खवल्यांची. पहिल्या पावसाळ्यात ती तशीच राहिली, दुसऱ्या वर्षी सैल झाली आणि मोठमोठी सालपटं गळून पडली. एक सालपट उचलून उलटं केलं तर आतल्या बाजूला मोडी लिपीत कुणीतरी पत्र लिहावं तशा रेघा. सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांचं ते काम. मादी सालीखाली बोगदा करत जाते आणि दोन्ही कडांना अंडी घालते, अळ्या बाहेर पडल्या की आपापल्या दिशेने खात सुटतात. अळी वाढते तशी तिची रेघ रुंद होत जाते. म्हणून प्रत्येक रेघ बारीक सुरू होते आणि जाड होऊन थांबते. ते सालपट अजून माझ्या टेबलावर आहे.

एक गोष्ट कळली तेव्हा मी खरंच चकित झाले होते. जिवंत झाडाच्या खोडातही मधला गाभा मेलेल्याच पेशींचा असतो. जिवंत भाग असतो तो सालीलगत आणि तिच्या लगेच आतल्या लाकडात. म्हणजे झाड उभं असतं ते बऱ्याच अंशी आपल्याच मेलेल्या भागाच्या आधाराने. त्यामुळे झाड नेमकं कुठल्या दिवशी मेलं हे सांगणं अवघड. आमचा ऐन एका उन्हाळ्यात नेहमीसारखा झडला आणि पुढच्या पावसात फुटला नाही, एवढंच आम्हाला माहीत.

यावरून आठवलं, तुमची बाभूळ खरंच वठलीय ना, ते एकदा बघा. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी नुसती काड्या होऊन उभी असतात आणि पूर्ण जिवंत असतात. कांडोळ तर पांढऱ्याफटक खोडामुळे चांदण्यात असं काही दिसतं की त्याला भुताचं झाडच म्हणतात. बारीक फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड आहे. काडी कटकन मोडली आणि आत सगळं कोरडं, तर ती फांदी गेली. मग आणखी दोन-चार ठिकाणी बघा.

ती कशाने गेली हेही बुंध्यापाशी बहुतेक वेळा कळतं. वरपासून खालपर्यंत सालीचा एकच पट्टा उडालेला असला तर वीज पडलेली असते. आतल्या रसाची क्षणात वाफ होते आणि साल फुटून निघते. एकाच बाजूला काळं पडलं असेल तर वणवा किंवा कुणी बांध पेटवलेला. आणि बुंध्याभोवती गोल, माणसाच्या हाताने काढलेली साल दिसली तर ते झाड मारलंय. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून मुळांकडे जातं. ती वाट तोडली की मुळं उपाशी राहतात, आणि कधी वर्ष, कधी त्याहून जास्त वेळ घेत झाड जातं. बांधावरच्या झाडांचा असा काटा काढलेला मी पाहिलाय आणि दर वेळी पोटात कालवलंय. आंब्याच्या खोडातून भुसा येत असेल तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलेली असते, हे कोकणातला कुठलाही बागायतदार सांगेल.

आता अपशकुनाबद्दल. मला वाटतं, त्याचं मूळ ढोलीत आहे. वठलेल्या लाकडात ढोल्या होतात आणि ढोल्यांमध्ये घुबडं, पिंगळे राहतात. संध्याकाळी त्या बोडक्या फांदीवरून चिरचिर आवाज आला की माणूस दचकणारच. आमच्या ऐनात चौथ्या वर्षी सोनपाठी सुताराने भोक पाडलं. मी खाली उभी असताना ढलप्या माझ्या पायाशी पडत होत्या, नखाएवढ्या, कोरड्या, वासाला किंचित तुरट. सुताराने तिथे एक वीण काढली आणि गेला. पुढच्या वर्षी ढोलीत पिंगळ्यांची जोडी. पिंगळ्याला स्वतःला लाकूड कोरता येत नाही, पोपट-मैनांनाही नाही. ते सगळे आयत्या ढोलीवर अवलंबून. तांबट मात्र स्वतः कोरतो, वाळलेली, मऊ फांदी शोधून, आणि बहुतेकदा फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जात नाही. आणि कीर्तनात ऐकतो तो भुंगा, कोरडं लाकूड कोरणारा पण कमळाच्या कळीत अडकणारा, तोही इथेच भेटतो. बोट जाईल एवढं गोल, गिरमिटाने पाडल्यासारखं भोक दिसलं तर त्याचंच. घरच्यांना पिंगळ्यांची पिल्लं दाखवा. माझ्या आजीचा अपशकुन एका संध्याकाळीत गेला होता.

ऐनाचा शेंडा पाचव्या पावसाळ्यात पडला. आतलं लाकूड पांढरं, तंतू तंतू सुटणारं झालं होतं. ही एका प्रकारची बुरशी. दुसऱ्या प्रकारच्या बुरशीने लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठोकळ्यांत तडकतं. लाकडातले दोन मुख्य घटक, सेल्युलोज आणि लिग्निन. पांढरी कुज लिग्निनसुद्धा फोडते, तपकिरी कुज सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे ठेवते. भीमाशंकरला भर पावसात कुजक्या काटक्यांवरची बुरशी अंधारात हिरवट उजळते. मी ती एकदाच पाहिली, टॉर्च बंद करून पाच मिनिटं नुसती उभी राहिल्यावर. सगळं रान ओलं, आणि पायाखाली तो मंद उजेड.

हे सगळं होतं ते आपल्याकडे पाऊस आहे म्हणून. नामिबियातल्या डेडव्लेईला वाळवंटात बाभळीच्या जातकुळीतली झाडं सहाशेहून अधिक वर्षं वठून उभी आहेत, हवा इतकी कोरडी की ती कुजतच नाहीत. केरळात पेरियारच्या तलावात 1895 च्या धरणाने बुडालेल्या जंगलाचे खुंट अजून पाण्यातून वर डोकावतात आणि त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. पाण्याखाली प्राणवायू कमी, म्हणून कुजणं संथ. आपला ऐन तेवढा टिकणार नाही.

आणि टिकू देतही नाहीत. चुलीसाठी वाळकी फाटी नेणाऱ्या बाईला मी कधीच बोल लावणार नाही, माझी काकू अजून तेच करते. पण आमच्या रस्त्याकडेचा एक वठलेला आंबा धोकादायक म्हणून भर मार्चमध्ये कापला गेला. ढोलीत पोपटाची पिल्लं होती. दोन महिने थांबता आलं असतं. नुसत्या फांद्या उतरवून खोड ठेवता आलं असतं. जुन्या देवरायांमध्ये पडलेलं लाकूडही उचलायचं नाही हा रिवाज होता, कारण ते देवाचं. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2000 मध्ये राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, वाऱ्याने पडलेली झाडं हलवायला मनाई केली. शेताच्या बांधावर असा कायदा नाही. तिथे तुमच्या-माझ्यासारख्यांनी मालकाला जाऊन सांगायचं, बाबा, हे एक राहू दे.

बघायला जाल तेव्हा वारा असेल तर खाली उभे राहू नका आणि ढोलीत हात घालू नका, साप असू शकतो. बाभळीचा गाभा लालसर आणि चिवट, बैलगाडीची चाकं त्याची होत, त्यामुळे तुमचं झाड बरीच वर्षं सोबत देईल. उद्या गेलात की बुंध्याशी वाकून भुसा पडलाय का बघा. काळपट आणि ओला असेल तर जुना. कोरडा, फिकट, पिठासारखा असेल तर खोडाला कान लावा. सकाळी आजूबाजूला शांत असताना आतला कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो.