नागरिक बातमीदारांनी आपली टिपणं एकमेकांना दाखवावीत का? आणि ऐकलेली गोष्ट पडताळायची कशी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: गावातले सहा-सात जण मिळून बिनपगारी बातम्या देता. आता कुणी टिपणं मागितली की समोरच्याला वाटतं, आपल्यावर विश्वास नाही. मग पडताळणी करायची तरी कशी?

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. आम्हीही असंच काम करतो. आमच्यात एक शाळाशिक्षिका आहे, एक बागायतदार, एक फेरीबोटीवरचा, दोन कॉलेजची मुलं. माझं उत्तर सरळ आहे: टिपणं दाखवावीत, आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय बातमी बाहेर सोडू नये. हे मला एका शब्दानं शिकवलं.

आमच्याकडे एका टेकडीच्या उतारावर डोंगरकापणी चालू होती. गोव्यात नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे आधी परवानगी घेतल्याशिवाय डोंगर कापता येत नाही, सखल जमीन बुजवता येत नाही. त्यामुळे परवानगी आधीची की नंतरची, यावरच सगळी बातमी उभी होती. आमचा एक मुलगा पुण्यात वाढलेला, नुकताच गावी परतलेला. तो जागेवर जाऊन एका जाणत्या माणसाशी बोलून आला आणि बातमीत त्यानं लिहिलं, ‘परवानगी मागेच घेतली होती, असं स्थानिकांनी सांगितलं.’ शिक्षिकाताईंनी त्याची वही मागितली. वहीत त्या माणसाचं वाक्य होतं तसंच कोकणीत उतरवलेलं होतं: ‘परवानगी ताणें मागीर घेतली.’ कोकणीतलं ‘मागीर’ म्हणजे नंतर. त्याच्या मराठी कानाला ते ‘मागे’ वाटलं. बातमी पार उलटी होणार होती, आणि तीही एका प्रामाणिक, कष्टाळू मुलाच्या हातून. वही मागितली नसती तर आमच्यापैकी कुणालाच ते कळलं नसतं.

म्हणून आमच्याकडे पहिला नियम आहे की माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत टिपायचं आणि मराठी करायचं ते घरी आल्यावर. गोव्यात हे फार महत्त्वाचं आहे. लोक बोलतात कोकणीत, ग्रामसभेचा ठराव इंग्रजीत असतो, आपण लिहितो मराठीत. दर वळणावर थोडं काहीतरी सांडतं. पान मधोमध उभं दुमडायचं. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं, उजवीकडे आपला अंदाज. वर तारीख, वेळ, नेमकी जागा. ‘ट्रक भरपूर होते’ असं लिहू नका. सकाळी साडेनऊ ते दहा या वेळेत किती मोजले ते लिहा. असं लिहिलेलं पान हातात आलं की वाचणारा माणसावर शंका घेत नाही, पानावर घेतो. तुमच्या मित्रांचं मन दुखावतंय त्यावर माझ्याकडे एवढाच इलाज आहे. सगळ्यांचीच टिपणं वाचली जायला हवीत, सगळ्यात जुन्या माणसाचीसुद्धा, आणि सुरुवात त्याच्यापासूनच व्हावी. आमच्याकडे सगळ्यात आधी माझी वही तपासली जाते.

ही पद्धत आमची नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या विकिन्यूज या नागरिकांनीच बातम्या लिहायच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन आणलेल्या बातमीसोबत बातमीदारानं आपली टिपणं जोडावीत, म्हणजे तपासणाऱ्याला ती पाहता येतील, अशी अपेक्षा असायची. इतर ठिकाणच्या बातम्यांवरून लिहायचं असेल तर एकमेकांवर अवलंबून नसलेले निदान दोन स्रोत लागायचे. त्याआधी २००० साली दक्षिण कोरियात ओहमायन्यूज हे बातम्यांचं संकेतस्थळ ७२७ नागरिक बातमीदारांना घेऊन सुरू झालं, तेव्हाही त्यांचं लिखाण तपासायला पगारी संपादक होतेच. आपल्याकडे पगारी संपादक नाही, म्हणून ते काम एकमेकांनी करायचं.

‘एकमेकांवर अवलंबून नसलेले’ हे शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. आमची सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. एका बांधकामाला परवानगी नाही, असं तीन जणांनी सांगितलं. तिघंही सज्जन, तिघंही वेगवेगळ्या वाड्यांवरचे. आम्ही छापलं. नंतर मालकानं सगळी कागदपत्रं आणून समोर ठेवली. विचारपूस केली तेव्हा कळलं की तिघांनीही ते एकाच माणसाकडून, देवळात आरतीनंतर ऐकलं होतं. आम्ही त्या मालकाच्या घरी जाऊन माफी मागितली आणि दुरुस्ती बातमीच्या जागीच, तेवढ्याच ठळकपणे दिली. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला एक जास्तीचा प्रश्न विचारतो: ‘तुम्हांला हे कसं कळलं?’ माणूस स्वतः तिथे होता की त्याला कुणी सांगितलं, हे वहीत लिहिलं की तीन स्रोत कधी कधी एकावर येतात.

फोटो-व्हिडिओंचं थोडक्यात सांगतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो आला की त्यात दडलेली वेळ-जागेची माहिती निघून जाते. ज्यानं स्वतः काढलाय त्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तोच फोटो पूर्वी कुठे आलाय का, ते उलट्या शोधानं, म्हणजे इंटरनेटवर फोटोवरूनच फोटो शोधून, पाहा. पण आपल्याकडे यंत्रापेक्षा मोठी गोष्ट आहे. आपण त्या मातीतले आहोत. एका ऑगस्टमध्ये आम्हांला ‘आज सकाळचा’ म्हणून जेसीबीचा व्हिडिओ आला. बागायतदारानं एकदाच पाहिला आणि म्हणाला, झाडाखाली बोंडू पडलेत. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. ऑगस्टमध्ये बोंडू कुठून येणार? व्हिडिओ जुना होता. पुढे तो फिरत राहिला, आम्ही दिला नाही. आजही मला त्या न दिलेल्या बातमीचं समाधान आहे.

जमिनीची बातमी असेल तर कागदाशिवाय पुढे जाऊ नका. सर्व्हे नंबर कळला की एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारासारखा जमिनीचा उतारा, सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. त्यावर दिसणारं नाव म्हणजे आजचा मालकच, असं धरू नका. अनेक घरांत अजून आजोबांचंच नाव चालू असतं. रूपांतराची सनद, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी, आहे का, पंचायतीचा परवाना कुठल्या तारखेचा, हे माहिती हक्काखाली मागा. गोव्यानं माहिती हक्काचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, देशाचा कायदा २००५ मध्ये आला. उत्तराची मुदत ३० दिवस. नुसत्या प्रतीच नव्हे, फाईल प्रत्यक्ष पाहायलाही मागता येते, आणि आमचा अनुभव असा की शेरे आणि तारखांचा क्रम फाईल उलगडल्यावरच कळतो. तोवर बातमी थांबली तर थांबू दे.

आता टिपणं कुठवर दाखवायची, ते. इथे मी फार काटेकोर आहे. नाव न सांगण्याच्या अटीवर कुणी बोललं असेल, समजा एखाद्या कार्यालयातला कारकून किंवा खाणीवरचा मजूर, तर टिपणात त्याचं नाव येतच नाही, फक्त एक खूण येते. नाव आणि खूण यांची जोडी वेगळ्या वहीत, आणि ती बातमीदाराव्यतिरिक्त फक्त एकालाच माहीत. टिपणांचे फोटो गटावर टाकायचे नाहीत, ते पुढे कुठे जातील ते आपल्या हातात राहत नाही. आणि त्या माणसाला खोटा दिलासाही देऊ नका. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात पत्रकाराला स्रोत उघड करायला भाग पाडता येणार नाही असं कलम आहे, पण ते कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं. न्यायालयात तसं कायदेशीर कवच नाही. ‘मी माझ्याकडून सांगणार नाही’ एवढंच वचन द्या, आणि ते पाळा.

ज्याच्याविरुद्ध लिहिताय त्याला छापण्याआधी विचारा, आणि विचारलं कधी, तो काय म्हणाला, हेही वहीत लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी अजूनही फौजदारी गुन्हा आहे, आणि तिथे नुसतं ‘खरं होतं’ म्हणून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. पण मला विचाराल तर कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं. त्या मालकाच्या घरी माफी मागायला गेलो तेव्हा त्याची आई दारातच उभी होती. ती आम्हांला एवढंच म्हणाली, आधी एकदा येऊन विचारलं असतं तर मीच कागद दाखवले असते.

सुरुवात करायला येत्या रविवारची ग्रामसभा घ्या. दोघं जा, वेगवेगळ्या बाकांवर बसा, एकमेकांशी न बोलता टिपा. संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा, आणि जिथे दोघांचं जुळत नाही तेवढ्याच ओळी घेऊन सोमवारी पंचायत सचिवांकडे जा.