दादासाठी डॉक्टर केटामिन सुचवतायत, घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की दादाला सहा वर्षं नैराश्य आहे, तीन गोळ्या बदलून झाल्या, आता मनोविकारतज्ज्ञ केटामिन म्हणतायत आणि आई म्हणते, ‘ती तर नशा, नको.’

मी भूलतज्ज्ञ आहे, हे औषध वर्षानुवर्षं हाताळतोय. भुलीसाठी ते अमेरिकेत १९७० मध्ये मान्य झालं. त्याने श्वास सहसा मंदावत नाही, म्हणून लहान रुग्णालयांत ते फार उपयोगी पडतं. पण आईंची भीती उगाच नाही. त्याची नशा करतात, म्हणूनच आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे आणि एकेका वायलचा, म्हणजे औषधाच्या बाटलीचा हिशेब ठेवावा लागतो.

फरक डोसाचा आहे. भूल देताना शिरेतून किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम जातं. नैराश्यात बहुधा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, तेही सलाइनमधून ४० मिनिटांत. माणूस जागा असतो, पण हातपाय आपले नाहीत, आवाज लांबून येतोय, असं त्याला वाटतं. काहीजण घाबरतात. दादाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो गोंधळणार नाही. रक्तदाब वाढतो, मळमळतं. तास-दोन तासांत हे ओसरतं, तोवर मॉनिटर लावलेलाच हवा आणि आणीबाणी सांभाळणारं माणूस जवळ हवं. या सोयी नसतील तिथे घेऊ नका.

गुण येतो का? येतो, आणि झटपट येतो. नेहमीच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००६ साली छापलेल्या अभ्यासात औषधांना दाद न देणाऱ्या १७ जणांना एकदा केटामिन दिलं, त्यातल्या १२ जणांना दुसऱ्याच दिवशी बरंच हलकं वाटलं. आठवडाभर तो गुण टिकला फक्त सहा जणांत. माझी काळजी इथेच आहे. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. मग दहाव्या दिवशी माणूस पुन्हा अंथरुणाला खिळतो आणि आधीपेक्षा जास्त खचतो. म्हणून डॉक्टरांना आजच विचारा: किती वेळा देणार, गोळ्या आणि समुपदेशन चालू राहणार का, आणि गुण ओसरला तर पुढे काय? भारतात हे औषध भुलीचं म्हणून परवानाप्राप्त आहे, नैराश्यासाठीचा वापर डॉक्टरांच्या निर्णयावर आणि तुमच्या लेखी संमतीवर चालतो. उत्तरं नीट मिळाली तर मी माझ्या भावालाही घेऊ दिलं असतं.

रक्तदाब आटोक्यात नसेल, कधी भास झाले असतील, दारू किंवा कसलं व्यसन असेल तर काही लपवू नका. वारंवार, फार काळ घेतल्यास मूत्राशयाला इजा होते, तेही विचारा. त्या दिवशी सोबत जा, दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नका.

आणि दादा जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आत्ताच रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.