पिल्लू अजगराला पेटी केवढी हवी?

प्रश्न : लंडनला आमच्याकडे चार महिन्यांचं बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) आहे, लांबी ५० सेंमी. चार फुटी काचपेटीत ठेवल्यापासून खातच नाही. पेटी मोठी झाली का?

उत्तर : पेटी मोठी असल्याने बिघडत नाही, ती मोकळी असल्याने बिघडतं. आडोसा नसला की पिल्लू बिथरतं आणि भक्ष्य सोडतं. एकसारख्या दोन लपणी (आत शिरून लपायच्या जागा) ठेवा, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. वेटोळं घातल्यावर अंग चारही बाजूंनी टेकेल इतक्याच त्या घट्ट हव्यात. ऐसपैस लपणीचा उपयोग नाही. मधली जागा बुचाची साल, प्लास्टिकची पानं यांनी भरा. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा. उबदार टोक ३१-३२ अंश, थंड टोक २५-२६. हीटर थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक राखणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीच लावू नका, पोट भाजतं. पेन्सिल शिरेल एवढी फटही बुजवा. मग आठवडाभर हात न लावता, अंगाच्या जाडीएवढाच उंदीर द्या.

एवढं जमत नसेल तर तूर्त ६०×४५ सेंमीची पेटी पुरे. मोठेपणी मात्र किमान १२०×६०×६० लागेलच.

भारतातल्या वाचकांसाठी : इथला अजगर, नाग किंवा धामण पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.