प्युरीन घोकू नकोस, हातानं काढ

अगं, प्युरीन म्हणजे डीएनए-आरएनएतला दोन जोडलेल्या वलयांचा घटक; तो पेशीत बनतो त्या दहा पायऱ्या रात्रभर घोकून हाती काही लागणार नाही. आधी नुसतं रिकामं दुहेरी वलय काढ आणि प्रत्येक नायट्रोजन कुठून आला ते लिही. वलयातल्या जागांच्या क्रमांकानं पहिला अ‍ॅस्पार्टेटचा, तिसरा नि नववा ग्लुटामिनचे, सातवा ग्लायसीनचा; ही तिन्ही अमिनो आम्लं. ग्लायसीन तर अख्खंच आत बसतं, म्हणून चौथा-पाचवा कार्बनही त्याचाच. रोज एकदा, पुस्तक मिटून. मी दांडिया बाजारच्या घरी फरशीवर खडूनं काढायचे.

हे शोधलं कसं, ते मला फार सुंदर वाटतं. १९४० च्या दशकात जीवरसायनशास्त्रज्ञ बुकॅनन यांनी कबुतरांना खुणेचे अणू असलेली संयुगं दिली आणि विष्ठेतलं युरिक अ‍ॅसिड तपासलं, कारण त्यात प्युरीनचंच वलय असतं. बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या कठड्यावर कबुतरांचे पांढरे डाग बघ, त्यात युरिक अ‍ॅसिड आणि त्याचे क्षार असतात. माणसात युरिक अ‍ॅसिड मोडणारं युरिकेज एन्झाइम काम करत नाही, म्हणून आपल्या प्युरीनचा शेवटही तिथेच. सांध्यांत त्याचे स्फटिक साचले की गाऊट, म्हणजे सांधे सुजून दुखण्याचा आजार.

पिरिमिडीन, म्हणजे डीएनए-आरएनएतला एकाच वलयाचा घटक, नंतर घे. तिथे वलय आधी बनतं, साखर मागून जोडली जाते. प्युरीनचं वलय मात्र साखरेवरच बांधलं जातं. परीक्षेत मुलं नेमकं हेच उलटं लिहितात.